माळवदाचा गारवा राखून घर भूकंपाला टिकेल असं करता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर औसा तालुक्यात, किल्लारीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. जुनं माळवद, म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं छत, आणि त्याला लागून 2009 साली बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. दादा म्हणतो, दिवाळीनंतर माळवद उतरवू आणि तिथंही स्लॅब टाकू. आई म्हणते, मी आहे तोवर नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथं विचारतोय.

गेल्या मे महिन्यात दोन्हीकडे एकेक साधा तापमापक टांगला होता. दुपारी चारला बाहेर सावलीत 41, स्लॅबच्या खोलीत 38, माळवदात 32. पण खरा फरक रात्री कळतो. अकराला बाहेर 31 पर्यंत उतरलेलं असायचं, तरी स्लॅबची खोली 36 वरच. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण अंग टाकायच्या वेळेला ते खाली सोडतो. पंखा तीच धग फिरवत राहतो. माळवदाच्या भिंती अडीच फुटांच्या. दुपारचं ऊन त्यांतून आत यायला कितीतरी तास लागतात, तोवर पहाट झालेली असते. शिवाय साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, तापलेली हवा निघून जाते. आई 74 वर्षांची आहे, कूलरची दमट हवा तिला सोसत नाही. उन्हाळ्यात ती माळवदातच झोपते.

आणि दादा तिथं एक रात्रही झोपत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला तो तेरा वर्षांचा होता. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. मामाच्या गावातले ढिगारे त्यानं पाहिलेत. आमचं घर उभं राहिलं, पण पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलं, ते अजून तसंच आहे. त्याची भीती अगदी खरी आहे.

वाचून-विचारून मला समजलं ते असं. या भिंती म्हणजे दगडांचे दोन पदर आणि मधे माती-चिपा. दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्यानं ते सुटे होऊन ढासळतात. छतावर दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला माती टाकत गेलो, जुनी कुणी काढली नाही. आमच्याकडे आता दोन फूट थर आहे. 10 बाय 10 च्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे ढोबळ हिशेबानं नऊ टन! पण 1993 च्या भूकंपात कितीतरी घरांत भिंती पडूनही खांब-तुळयांचे सागवानी सांगाडे उभे राहिले होते. आमचाही सांगाडा सागाचा आहे, वाळवी नाही.

म्हणून विचारतो. माती उतरवून सहा-आठ इंच ठेवली आणि खाली जाड प्लास्टिक अंथरलं, तर गळती थांबून गारवा कितपत राहील? कुणी केलंय का? भिंतीला आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरतात, म्हणजे दोन्ही पदर जोडले जातात, असं ऐकलंय. पोट सुटलेल्या भिंतीला ते चालतं, की ती भिंत उतरवून नव्यानंच रचावी लागते? खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके लाकडी टेकू द्यायचे, ते गावचा सुतार करू शकेल का?

स्लॅबच्या खोल्यांवर यंदा चुना मारणार आहे. ऊन अडवायला स्लॅबवर पालथी मडकी मांडून वर कोबा केलेला कुणाकडे असेल तर अनुभव जरूर सांगा.

लातूर, धाराशिव, सोलापूर भागात दगड-मातीचं काम जाणणारा गवंडी किंवा अभियंता माहीत असेल तर फार उपकार होतील. दादाला घेऊनच त्यांना भेटायला जाईन. त्याच्या मनाचं समाधान झाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. भिंतीचे फोटो आणि खणांची (खांबांमधल्या गाळ्यांची) मापं तयार आहेत, कुणी सांगितलं की लगेच टाकतो.