बाहेरच्या तापमान सेन्सरबद्दल: जागा, कवच, वायरिंग

सेक्रेटरी: सोसायटीत बाग, गेट, गच्ची आणि पार्किंग, चार ठिकाणी बाहेरचं तापमान मोजायचं ठरलंय. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय. जाणकारांनी सामान आणि जागा आजच सांगा.

बी-७०४: सेन्सर कुठला ते नंतर बघू, आधी कवच. उन्हात उघडा ठेवलेला सेन्सर हवेचं नव्हे, स्वतःचंच तापमान सांगतो. वारा पडला की आकडा हवेपेक्षा कित्येक अंश वर. महागडा घेतला तरी तेच.

ए-२०१: पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात घातला तर?

बी-७०४: बंद डबा म्हणजे भट्टी. ऊन अडलं पाहिजे पण हवा खेळती राहिली पाहिजे. सहा-सात पांढऱ्या बशा उपड्या करून एकावर एक, मध्ये साधारण दीड सेंमी फट, तीन बोल्टवर आवळायच्या. वरची बशी अख्खी, सेन्सर जिथे लटकतो तिथल्या बशांना मधोमध मोठं भोक. सेन्सरचं टोक बशीला टेकता कामा नये. तयार कवचही मिळतं.

सेक्रेटरी: काका, उंची किती ठेवायची?

बी-७०४: जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर, जागतिक हवामान संघटनेचा हाच दंडक. खाली शक्यतो गवत किंवा माती. भिंतीला चिकटवू नका. अडथळ्याची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतर सुटलं तर उत्तम. बागेतली मधली जागा त्यातल्या त्यात बरी. फक्त माळ्याला सांगा, पाइपचा फवारा कवचावर नको. ओला सेन्सर बाष्पीभवनाने थंड होतो आणि आकडा खाली पडतो.

ए-६०२: उत्तरेची भिंत कायम सावलीत असते ना? मग कवच कशाला?

बी-७०४: कायम नसते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला जूनच्या आसपास दुपारचा सूर्यही थोडा उत्तरेला सरकतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतंच. शिवाय भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत बसते.

सेक्रेटरी: आणि गच्ची?

बी-७०४: लावा, पण ग्राफवर नाव "गच्ची" असंच द्या, "बाहेरची हवा" नको. काँक्रीटची धग त्यात येणारच. एसीच्या आउटडोअर युनिटपासून आणि टाकीपासून लांब. स्लॅबला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. सिमेंट भरलेल्या बादलीत पाइप उभा करा. आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाच्या खांबाला क्लॅम्प मारायचा मोह तर अजिबात नको. पार्किंगचा सेन्सर माझ्या मते रद्द करा, तिथे गरम इंजिनांचंच तापमान येईल.

सी-५०३: सेन्सरचं मी सांगते. स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० पुरेसा आहे, उणे १० ते ८५ अंशांत अचूकता ±०.५. आर्द्रताही हवी असेल तर एसएचटी३१, पण त्याची वायर आखूडच ठेवावी लागते. डीएसला तीन वायरी: पॉझिटिव्ह, ग्राउंड, डेटा. रंगांवर भरवसा ठेवू नका, उत्पादकागणिक बदलतात. पॉझिटिव्ह आणि डेटामध्ये ४.७ किलो-ओमचा रेझिस्टर, प्रत्येक सेन्सरला नाही, अख्ख्या लाइनला एकच.

ए-२०१: चारही एकाच वायरवर चालतील?

सी-५०३: चालतात, प्रत्येकाला स्वतःचा ६४ बिटचा क्रमांक असतो. पण वायर एकातून दुसऱ्याकडे अशी सलग न्यायची. मधल्या एका जागेवरून चार फाटे काढले की सिग्नल परत आपटतो आणि सेन्सर मधूनमधून गायब होतात. स्क्रीनवर उणे १२७ आलं तर वायर सुटली समजा. नेमकं ८५ आलं तर सेन्सरने मोजायच्या आतच वाचलंय, किंवा वीज मध्येच तुटतेय. पूर्ण बारकाईने मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात. हे दोन आकडे सरासरीत जाऊ देऊ नका.

सेक्रेटरी: ताई, गेट बरंच लांब आहे.

सी-५०३: मग तिथे आरएस-४८५ वाला, म्हणजे लांब वायरीवरून सिग्नल पाठवणारा, घ्या. पिळाच्या जोडीची केबल, दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर. ए आणि बी या सिग्नलच्या दोन वायरी उलट्या लागल्या तर उत्तरच येत नाही, अदलाबदल करून बघायची. असे एकाहून जास्त घेतले तर सगळ्यांचा पत्ता (लाइनवर ओळखायचा क्रमांक) बहुधा १ असतो, टेबलावरच एकेक जोडून बदला. शिडीवर चढून ते काम करवत नाही.

बी-७०४: आणि सेन्सर वाचणाऱ्या सर्किट बोर्डाचा डबा कवचाच्या खाली नको, त्याची गरम हवा थेट वर जाईल. अर्धा मीटर बाजूला. ग्लँड (केबल आत घ्यायचं घट्ट बूच) डब्याच्या तळाशी, केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. सीलंट आंबट वासाचं घेऊ नका, त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं, न्यूट्रल मागा. केबल बांधायला काळे टाय वापरा, पांढरे उन्हात तुटतात.

ए-६०२: आकडे बरोबर येतायत हे कसं कळणार?

सी-५०३: बसवण्याआधी बर्फाचा चुरा आणि थोडं डिस्टिल्ड पाणी, थर्मासमध्ये. सगळ्यांची टोकं एकत्र बुडवा, पण तळाला टेकवू नका. ढवळत पंधरा मिनिटं. शून्यापासून जेवढा फरक दिसेल तेवढा त्या-त्या सेन्सरच्या नावाने लिहा आणि कोडमध्ये वजा करा. बुडवायचं फक्त स्टीलच्या नळीवाल्यांनाच. एसएचटी३१ किंवा गेटचा जाळीचा असेल तर तो रात्री बाकीच्यांशेजारी एकाच कवचात ठेवून ताडून बघा.

सेक्रेटरी: देखभाल?

बी-७०४: दर महिन्याला बशा पुसा, धूळ बसली की पांढरेपणा जातो. पावसाळ्याआधी डबा उघडून मुंग्या आणि गांधीलमाशीचं घर बघा. आणि सेन्सर हलवला तर तारीख, नवी जागा, उंची रजिस्टरमध्ये टाका, नाहीतर ग्राफमधली उडी बघून पुढच्या कमिटीला वाटेल हवामानच बदललं.

सेक्रेटरी: ठीक. पार्किंग रद्द. रविवारी फक्त पाइप आणि केबल, सेन्सर बर्फाच्या चाचणीनंतर.