फोन कानाला लावला की चिंगी भुंकते, काय करू?

नमस्कार. आमची चिंगी दोन वर्षांची आहे. एरवी शहाणी, पण मी फोन कानाला लावला की समोर येऊन भुंकते. लॅपटॉप उघडला की मनगटावर पंजा मारते. परवा मोजा पळवून दारात उभी राहिली, मी उठेपर्यंत माझ्याकडे बघत. रागावलं की दोन मिनिटं शांत, मग पुन्हा तेच. पूर्ण दुर्लक्ष करा, असं कुणीतरी सुचवलं. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी ती इतकी भुंकली, खुर्ची ओरबाडली, की शेवटी "बरं बाई, ये" म्हणून मीच तिला कुरवाळलं. मारायचं नाही, ओरडायचंही नाही. माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

गोम त्या पाचव्या दिवसात आहे. आजवर फळणारं वागणं अचानक फळेनासं झालं, की ते सोडण्याआधी कुत्रं तेच जास्त जोरात करून बघतं. लिफ्ट आली नाही की आपणही बटण दाबत राहतो, तसंच. म्हणजे दुर्लक्षाचा परिणाम तेव्हाच दिसू लागला होता! नेमकं त्या क्षणी कुरवाळल्यामुळे चिंगी एवढंच शिकली, की आता जास्त भुंकावं लागतं. शिवाय अधूनमधून फळणारी सवय फार चिवट असते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं होतं. रागावणंही तिच्या लेखी लक्षच: तुम्ही बघता, बोलता, हाताने ढकलता.

पण नुसतं दुर्लक्ष मला पटत नाही. भुंकायचं नाही, मग करायचं काय, हे तिला कोण सांगणार? आमचा शेरू असाच होता. त्याच्यासाठी खुर्चीशेजारी एक सतरंजी घातली आणि टेबलावर खाऊची डबी ठेवली. फोन नुसता उचलायचा आणि तो भुंकण्याआधीच सतरंजीवर तुकडा टाकायचा. मग दोन सेकंद कानाला, तुकडा. पाच सेकंद, तुकडा. समोर कुणी नसताना मी कितीतरी वेळ फोनवर खोटंखोटं बोललोय. भुंकला तर मी वेळ पुन्हा कमी करायचो, कारण घाई माझीच झालेली असायची. साधारण तीन आठवड्यांनी फोन वाजला की तो आपणहून सतरंजीवर जाऊन बसू लागला. तुकडा शांत असतानाच, लगेच द्या. उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही.

प्रतिसाद २

मोज्यामागे धावू नका, तो तिचा आवडता खेळ होऊन बसतो. तिच्या खेळण्याच्या बदल्यात शांतपणे मागून घ्या. आणि मोजे उचलून ठेवा.

प्रतिसाद ३

ही सवय अचानक लागली असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा. दुखणं असलं तरी कुत्री अशी मागे लागतात. नसेल, तर कामाला बसण्याआधी तिला फिरवून आणा, तेही भराभर ओढत नाही. मनसोक्त हुंगू दे. हुंगण्यानेही ती छान दमते.

चिंगीची ताई

तिघांचेही आभार. सवय जुनीच आहे, दुखणं नसावं, तरी दाखवून घेते. पहिल्या प्रतिसादकांना एक विचारते: घरात आई तिला भुंकल्यावर हळूच बिस्किट देते. त्याने सगळं वाया जाईल का?

प्रतिसाद १

हो, जाईल. पण आईंना नाही म्हणू नका. ती डबी त्यांच्याच हातात द्या आणि सांगा, चिंगी गप्प बसली की तुम्हीच द्यायचं.