शंभर वर्षांचा वड हलवायला नगरपालिकेने पैसे द्यावेत का?

हिशेबनीस (धागाकर्ता)
रुंदीकरणात जुना वड आला की दोनच सूर लागतात: तोडा, नाहीतर पुनर्रोपण करा. बिल कोण भरणार, यावर सगळे गप्प. टेक्ससमधल्या लीग सिटीने 2012 मध्ये रस्त्यासाठी शंभरी ओलांडलेला ओक न तोडता सुमारे 1,500 फूट हलवला. मातीच्या गोळ्यासकट वजन 235 टनांच्या आसपास, खर्च 1,97,500 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने कोटीभर रुपये. तोही शहराच्याच तिजोरीतून. पगार आणि पाणीपट्टीची थकबाकी यांत अडकलेल्या आपल्या ‘क’ वर्ग नगरपालिकेने हे करू नये, असं माझं मत. तेवढ्यात नवी रोपं, ट्री गार्ड आणि तीन उन्हाळ्यांचे टँकर भागतात.

पारंबी
तोडणं फुकट आहे असं धरून चाललात. राज्याच्या वृक्षतोड कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर शहरी हद्दीत 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज. ते तोडलं तर वयाइतकी झाडं लावायची, तीही 6 ते 8 फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. शंभर झाडांना गावात जागा दाखवा आधी.
शिवाय वड, पिंपळ, उंबर ही जात चिवट. आंबा किंवा चिंच असती तर मीच नको म्हटलं असतं.

जेसीबी_बंद_करा
जात चिवट, ठेकेदार त्याहून चिवट! खोडाचा व्यास 1 मीटर असेल तर मुळांचा गोळा किमान 8 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल हवा. हिशेब करा: 60 घनमीटर माती, शंभर टनांच्या वर. प्रत्यक्षात जेसीबीने दोन मीटरचा गड्डा उपसतात. मुळं कापली जात नाहीत, फाटतात, आणि फाटलेल्या टोकातून कूज आत शिरते. वर फांद्या छाटून झाड बोडकं करतात, कारण ट्रेलर विजेच्या तारांखालून न्यायचा असतो.
दिल्लीत 2020 च्या वृक्ष पुनर्रोपण धोरणात 80 टक्के झाडं जगण्याची अट होती. 2022 मध्ये उच्च न्यायालयात दिलेला आकडा: हलवलेल्या 16,461 पैकी जगली 5,487.

पारंबी
तो आकडा घाईचा आहे, पद्धतीचा नाही. सहा-आठ महिने आधी गोळ्याच्या कडेने अर्ध्या परिघात दोन फूट रुंद चर खणायचा, मुळं करवतीने साफ कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची, चरात पोयटा आणि शेणखत भरायचं. तीन महिन्यांनी उरलेला अर्धा. नवी तंतुमुळं आली की पावसाच्या तोंडावर हलवायचं. काळ्या मातीत नवा खड्डा हौदासारखं पाणी धरतो. तळाला मुरूम आणि निचऱ्याचा चर नसेल तर सगळी मेहनत वाया.

सडकछाप
मुळात हलवायचंच कशाला? मिरज तालुक्यातल्या भोशात 2020 मध्ये रत्नागिरी–नागपूर महामार्गाची आखणी बदलून चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड वाचवला. रेष कागदावर असताना वळवायला खर्च तो किती!

हिशेबनीस
आणि 2022 च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तोच वड कोसळला, हेही लिहा की. शिवाय महामार्गाला वळायला शेत असतं. बाजारपेठेत दोन्ही बाजूंना दुकानं. वळवायचं म्हणजे भूसंपादन, ते वड हलवण्यापेक्षा महाग.

सडकछाप
झाडं पडतात, मान्य. म्हणून आधीच उपटायची? बाजारपेठेत गाड्यांचा वेग असतोच किती, झाड दुभाजकात घ्या. फक्त बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतू नका. भूसंपादनाचा मुद्दा खरा आहे.

जेसीबी_बंद_करा
दुभाजकाला माझं मत. हलवायचंच ठरलं तर निविदेत एक अट घाला: निम्मी रक्कम दुसरा उन्हाळा संपल्यावर. पहिली पालवी खोडातल्या साठ्यावर फुटते, ठेकेदार तिचाच फोटो जोडून बिल काढतो. खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात: नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसलं पाहिजे, खोडावर चार ठिकाणी, फांद्यांवर वेगळं.