जॉर्ज राइट एकाच सीझनला मॅनेजर, लीग पण जिंकली, मग सोडलं का?

निनाद_के: सध्या जुन्या बेसबॉलबद्दल वाचतोय आणि जॉर्ज राइटपाशी अडकलोय. १८६९ ची सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्स म्हणजे सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारी पहिली टीम, त्यात हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), पगार सगळ्यात जास्त १४०० डॉलर, कॅप्टन असलेल्या थोरल्या भावाला, हॅरीला १२०० च. मग दोघं बॉस्टनला गेले आणि १८७२ ते ७५ सलग चार वर्षं चॅम्पियन, पुढे ७७ आणि ७८ ला पण. हे सगळं हॅरीच्या हाताखाली. १८७९ ला जॉर्ज प्रॉव्हिडन्स ग्रेजचा मॅनेजर झाला, खेळत पण होता, ५९ जिंकल्या २५ हरल्या आणि भावाच्याच बॉस्टनला मागे टाकलं. त्यानंतर परत कधीच मॅनेजर नाही! असं कसं?

जुनाखेळ: रिझर्व्ह रूलमुळे. ७९ चा सीझन संपत आला तेव्हा क्लबवाल्यांनी आपसात ठरवलं की प्रत्येकाने पाच खेळाडू राखून ठेवायचे, दुसऱ्या कुणी त्यांना घ्यायचं नाही. प्रॉव्हिडन्सने जॉर्जला राखला, त्याने सही केली नाही, आणि १८८० मध्ये तो बॉस्टनकडून जेमतेम एक मॅच खेळला. लीग जिंकून देणाऱ्या माणसाला असं बांधून ठेवायचं हा मला सरळ अन्याय वाटतो. पगार वाढू नयेत एवढ्यासाठी केलेला नियम, आणि पहिला मोठा फटका यालाच.

मंजिरी स: नियमाचं खरंय, पण त्याचं बॉस्टनमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान होतं हे विसरू नका, तेच पुढे राइट अँड डिट्सन झालं. पोटासाठी क्लबवर अवलंबून नव्हता म्हणून नाही म्हणू शकला, बाकीच्यांना कुठलं जमणार होतं ते. नंतर टेनिस, गोल्फ सगळ्यात शिरला, मुलगा बील्स तर १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये टेनिसचं गोल्ड घेऊन आला.

गली_पॉइंट: मॅनेजर म्हणून फार डोक्यावर घेऊ नका हो, टीमच भारी होती. जॉन वॉर्डने त्या वर्षी पिचर (बॉल टाकणारा) म्हणून ४७ मॅच जिंकून दिल्या, शिवाय पॉल हाइन्स, जो स्टार्ट, आणि बॉस्टनहून आलेला जिम ओरूर्क. खेळाडू म्हणून मात्र जॉर्ज ग्रेटच. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबचे क्रिकेट प्रोफेशनल, दोघं भाऊ पण क्रिकेट खेळायचे, १८७४ ला इंग्लंड टूरवर बेसबॉलबरोबर क्रिकेटच्या मॅचेस पण खेळले. आपल्या क्रिकेटवाल्यांना लगेच कळेल बघा, ग्लोव्ह नसताना बेसलाइनच्या (दोन बेसमधल्या पळायच्या रेषेच्या) मागे खोल उभं राहून बॉल उचलून फेकायचा म्हणजे हात केवढा तयार पाहिजे.

जुनाखेळ: @गली_पॉइंट टीम भारी होती मान्य, पण कॅप्टन तोच ना, आणि समोर हॅरी होता, जो सलग दोन वर्षं लीग जिंकून आला होता.

निनाद_के: सगळ्यांचे आभार, आता उलगडलं. म्हणजे १८८२ ला परत प्रॉव्हिडन्सकडून खेळला तो हॅरी तिथे मॅनेजर म्हणून आला तेव्हाच, नुसता शॉर्टस्टॉप म्हणून, पण तोवर बॅटिंग पार गेली होती.