शेवटच्या दोन मिनिटांत प्रिव्हेंट डिफेन्स लावून खरंच फायदा होतो का?

कृष्णाकाठ_सांगली
मंडळी, विश्रामबागला आम्ही चार-पाच जण आहोत, सोमवारी पहाटे उठून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघतो आणि दर वेळी एकाच गोष्टीवरून भांडतो. जी टीम मॅचभर समोरच्या क्वार्टरबॅकला (पास टाकणारा मुख्य गडी) श्वास घेऊ देत नाही तीच टीम लीड मिळाली की शेवटी तीनच गडी पुढं सोडते आणि बाकीचे सगळे लांब मागं जाऊन उभे राहतात, हाच तो प्रिव्हेंट डिफेन्स. मग समोरचा निवांत दहा-दहा यार्डांचे पास टाकत येतोय. जे चाललंय ते बदलायचंच कशाला? जुने कोच आणि कॉमेंटेटर जॉन मॅडन तर म्हणायचे की हा डिफेन्स फक्त तुमचं जिंकणं अडवतो. तरी कोच लोक अजून का लावतात? काही हिशोब आहे का नुसती भीती?

मिरज_जंक्शन
हिशोब आहे की. सगळा खेळ घड्याळाचा. पास खाली पडला की घड्याळ थांबतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बॉल घेतलेला गडी साइडलाइनच्या बाहेर गेला तरी थांबतं. म्हणून त्याला मधल्या भागात छोटा पास घेऊ द्यायचा, तिथंच पाडायचा, घड्याळ चालू ठेवायचं. समजा आठचा लीड आहे, एक मिनिट उरलंय, समोरच्याकडं टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) नाही आणि त्याला ऐंशी यार्ड जायचंय, तर दहा-दहा यार्डांनी तो पोचणारच नाही, त्याला एक लांब पास लागणार आणि तो अडवायला मागं माणसं आहेतच. असं जिंकलेल्या मॅचचा व्हिडिओ कोण बघत नाही, हरलेल्यांचेच फिरत राहतात, म्हणून हा डिफेन्स आहे त्यापेक्षा जास्त बदनाम झालाय असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळवा_४७
मिरजकर, तुमचा हिशोब बरोबर, पण त्यात "टाइमआउट नाही" आणि "ऐंशी यार्ड" हे दोन शब्द काढले की सगळं कोसळतं.

२३ जानेवारी २०२२ ची बिल्स-चीफ्स मॅच आठवा. बिल्स ३६-३३ पुढं, १३ सेकंद शिल्लक. बिल्सनं किकऑफ (समोरच्याला बॉल देणारी किक) थेट टचबॅक मारला, म्हणजे बॉल कुणी पळवलाच नाही आणि घड्याळातला एक सेकंदपण गेला नाही. जमिनीवरून आखूड मारला असता तर उचलून पळण्यात चार-पाच सेकंद तरी गेले असते. चीफ्सकडं तिन्ही टाइमआउट होते आणि त्यांना टचडाउन (बॉल गोलरेषेपलीकडं नेणं, सहा गुण) नकोच होता, बरोबरीला फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) पुरे, म्हणजे स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवरून साधारण चाळीस-पंचेचाळीस यार्ड. अशा वेळी बिल्सच्या सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेंडर) कुठं, तर पार मागं, जणू समोरच्याला टचडाउनच पाहिजे. चीफ्सच्या क्वार्टरबॅक माहोम्सनं टायरीक हिलला पास टाकला, १९ यार्ड, टाइमआउट. मग केल्सीला सरळ मधून, २५ यार्ड, परत टाइमआउट. ३ सेकंद उरले. किकर बटकरनं ४९ यार्डांवरून किक मारली, ३६-३६, आणि ओव्हरटाइममध्ये बिल्सच्या ऑफेन्सला बॉल मिळालाच नाही, ४२-३६ खलास.

माझं म्हणणं एवढंच, की मागं जायचं का नाही हे समोरच्याला किती यार्ड पाहिजेत त्यावर ठरवा. तीनचा लीड असताना मैदानाचा मधला पट्टा मोकळा सोडणं म्हणजे त्याला फील्ड गोल हातात काढून देणं. आणि तीनच जण क्वार्टरबॅकवर धावून जात असतील तर माहोम्ससारखा माणूस उभा राहून बघत बसतो की कोण सुटतंय.

तासगाव_रेडर
कबड्डीत बघा की, दोन मिनिटं राहिली आणि चार गुण पुढं असलो की आमची पोरं पार एंड लाइनला चिकटतात. सहा-सात डिफेंडर मॅटवर असताना रेडर पाय टाकून बोनस घेऊन जातो, पुढच्या रेडला परत बोनस, आणि त्याला हात लावायचं धाडस कुणी करत नाही. शिवाय लागोपाठ दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो असते म्हणून नुसतं रिकामं जाऊन वेळ काढता येत नाही. मागं उभं राहा पण हात पुढं ठेवा राव.

कृष्णाकाठ_सांगली
वाळवाकर, हे पटलं. पण मग अटलांटा २८-३ पुढं असताना पॅट्रियट्सकडून सुपर बोल (एनएफएलची फायनल) हरले ते पण भिऊन खेळल्यामुळंच ना?

वाळवा_४७
नाही हो, तिथं उलटं झालं. शेवटी २८-२० असताना त्यांच्या जुलिओ जोन्सनं तो गाजलेला कॅच घेतल्यावर अटलांटा पॅट्रियट्सच्या २२ यार्डांवर होते. बॉल पळवत घड्याळ खाऊन फील्ड गोल मारला असता तर लीड अकराचा. ते पास खेळायला गेले, क्वार्टरबॅक सॅक झाला (बॉलसकट मागंच पाडला गेला), वर पेनल्टी, आणि पंट करायची (लांब किक मारून बॉल समोरच्याला द्यायची) वेळ आली. म्हणजे तिथं सावध खेळणंच बरोबर होतं, पण ऑफेन्सनं.

मिरज_जंक्शन
२०२४ ची बेअर्स-कमांडर्स पण बघा, २७ ऑक्टोबरची. सगळे शेवटच्या ५२ यार्डांच्या हेल मेरीबद्दल (शेवटच्या क्षणी आशेवर फेकलेला लांब पास) बोलतात, ज्यावर बेअर्स हरले. पण खरी गडबड त्याच्या आधीच्या बॉलला झाली. ६ सेकंद असताना बेअर्सनी साइडलाइनला १३ यार्डांचा पास आरामात घेऊ दिला, तो बाहेर गेला, २ सेकंद उरले. ते १३ यार्ड दिले नसते तर कमांडर्सच्या क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला पासष्ट यार्डांवरून फेकावा लागला असता. बेअर्सच्या कोचनं नंतर सांगितलं की त्या यार्डांनी फार फरक पडत नव्हता. मी मागं उभं राहायच्या बाजूचा आहे, तरी हे मला अजिबात मान्य नाही.