शाळेच्या परसबागेतली रोपं मान टाकतायत, मदत हवी (तातडीने)

खडूफळा: रोपं पिवळी पडून मान टाकायला लागली आहेत. पाणी रोज घालतो, त्यात हयगय नाही. युरिया टाकू का, आणि किती? सोमवारी केंद्रप्रमुख परसबाग बघायला येणार आहेत. लवकर सांगा.

काळीमाती: कसली रोपं? जमीन कोणती? गाव कुठलं? वाफ्यात लावलीत की कुंड्यांत? एवढं कळल्याशिवाय युरियाचं काय सांगणार, सर?

देशी_गाय: युरिया अजिबात नको. जीवामृत करा. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, २०० लिटर पाणी. माझ्या केळीला दुसरं काही लागतच नाही.

काळीमाती: अहो, ते एकराचं माप झालं. शाळेत चार वाफे असतील. दोनशे लिटर काय पोरांना पाजायचं?

खडूफळा: सर नाही, मॅडम. जळगाव जिल्हा, यावल तालुका, काळी जमीन. वांगी, मिरची, टोमॅटो, दोन पपया. पहिली ते चौथी, प्रत्येक वर्गाला रोज पाणी घालायची पाळी दिली आहे. मुलं फार उत्साहात असतात. युरियाचं कोणीच सांगत नाही.

काळीमाती: रोज चारदा पाणी? तेही पावसाळ्यात, काळ्या रानात? मॅडम, मुळांचा श्वास कोंडलाय. वाफ्यातली मूठभर माती दाबून बघा, लाडू झाला तर पाणी बंद. गादीवाफे वीतभर उंच करा, कडेने चर काढून उताराकडे न्या. पपईच्या बुडाशी दोन दिवस पाणी साचलं तरी ती जाते. गुदमरलेल्या मुळांना युरिया घालून उपयोग नाही.

भरीतवाला: वांगी कुठली लावलीत? बामणोद गावची असतील तर गोष्ट वेगळी.

तापीकाठ: बामणोद बामणोद काय, असोद्याचं वांगं खाल्लंय का कधी?

भरीतवाला: भो, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तो आख्ख्या जिल्ह्याचा आहे. पण कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) कुटायचं तर बामणोदचंच.

पाटाचं_पाणी: आमना गावमा बी हाऊच तमाशा व्हता. शाळेभोवती शेळ्या फिरतात. कुंपणाला मोगली एरंड लावा, शेळी तोंड लावत नाही.

दवाखान्यातली_ताई: शेळ्यांचं विचारलंय कोणी? आणि शाळेत मोगली एरंड मुळीच नको! पोरं बिया शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात येतात. लावली असेल तर आजच उपटा. बोरीच्या काट्या पुरतात.

काळीमाती: ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मॅडम, अजून एक. जे रोप फक्त भर दुपारीच नाही, तर सकाळीही मान टाकून असतं, त्याचं खोड बुडाशी कापा. बोटभर तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकता धरा. थोड्या वेळात दुधासारखे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर रोग. तसं रोप मातीसकट उपटून लांब फेका, खतात नको. त्या वाफ्यात पुन्हा टोमॅटो-वांगी-मिरची लावू नका, मका किंवा ज्वारी पेरा. धागे नाही आले तर पाण्याचाच दोष असण्याची शक्यता जास्त.

पालक_नाशिकहून: मुलांना लिहिता-वाचता येत नाही आणि शाळेत माळीकाम. आधी पाढे शिकवा.

तापीकाठ: पाढेच होतात, साहेब. चौथीला झाडांची उंची मोजून तक्ता करायला सांगा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली तर ती फुलपाखराची, मारू नका. पुढे ती हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं काढते. त्या दिवशी कोणी मधल्या सुट्टीत खेळायला जात नाही. रुई कोपऱ्यात राहू द्या, तिच्यावरही अळ्या येतात. फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

देशी_गाय: हे सगळं जीवामृत दिलं असतं तर करावंच लागलं नसतं.

खडूफळा: ग्लास करून बघितला. टोमॅटोच्या खोडातून धागे उतरले, तिसरीच्या पोरांनी टेबलाभोवती गराडा घातला होता. वांग्यातून काहीच नाही. टोमॅटो उपटले, पाण्याच्या पाळ्या आजपासून बंद, त्यावरून चौथीत रुसवेफुगवे चालू आहेत. आता सोमवारी एक वाफा मोकळा दिसणार, तो कसा झाकू?

काळीमाती: झाकता कशाला? चर काढायचं काम सोमवारवर ठेवा, साहेबांच्या हाती फावडं द्या. आणि रुसलेल्या चौथीला माती दाबून बघायची पाळी लावा, पाणी द्यायचं की नाही ते तेच ठरवतील.

भरीतवाला: मॅडम, वांगी वाचली तर बी राखा. मला मूठभर हवंय.