प्रागमधले एक-दोन दिवस : घरच्यांसोबत कुठे पाय अडला?

मे महिन्याच्या शेवटी आम्ही प्रागला जाऊन आलो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दहा वर्षांचा मुलगा. धाकटी बहीण व्हिएन्नात असते. तिथून रेल्वेने चार तास, आणि हातात दोनच दिवस. माझ्या यादीत सतरा जागा होत्या, त्यातल्या सहा झाल्या. पण घरी आल्यावर सगळे बोलतात ते एकाच जागेबद्दल. तिथे आम्ही दहा मिनिटं थांबणार होतो आणि दीड तास थांबलो. तुमच्याही अशा जागा ऐकायच्या आहेत. सुरुवात मी करते.

जुन्या नगरचौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. तास भरला की सांगाड्याची बाहुली दोरी ओढून घंटा वाजवते, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित फिरून जातात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो आणि गर्दी पांगते. आम्हीही निघालो, तर बाबा हलेनात. बाहुल्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, नजर तबकडीवर. "अगं, या राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन... आणि हा काट्यावरचा सूर्य." मग जरा थांबून म्हणाले, "पण हा मिथुनेत कसा? आपला सूर्य अजून रोहिणीत, म्हणजे वृषभेत आहे, मृग लागायचाय."

"म्हणजे घड्याळ चुकलंय?" मुलाने विचारलं.

बाबांनी चाळीस वर्षं पंचांग नेमाने वाचलंय. तिथेच कडेला बसून त्यांनी नातवाला सायन आणि निरयन समजावलं. ते लोक मेष मोजतात वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून, आपण ताऱ्यांपासून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश घुमतो, त्यामुळे संपात मागे सरकत जातो आणि दोन्ही मोजण्यांत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. मुलाने बोटांवर मोजलं, "म्हणजे चोवीस दिवसांनी आपला सूर्य इथे येणार!" बाबांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. बाहेरच्या कड्यावरचे जुने आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात, हे कळल्यावर तर ते आणखी रमले. आपला वार उगवतीला बदलतो, तिथला दिवस मावळतीला बदलायचा. पुढच्या तासाला कोंबडा पुन्हा आरवला तेव्हा आजोबा-नातू दोघंही चंद्राचा अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा बघत होते.

रात्री जेवताना मी सांगितलं, की खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे त्याच चौकातल्या टिन चर्चमध्ये पुरलेला आहे आणि त्याच्या मंगळाच्या नोंदींवरून केप्लरने ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा इथेच, प्रागमध्ये शोधली. दुसऱ्या दिवशी सकाळचा किल्ला रद्द झाला.

* * *

बाबांना माझा नमस्कार सांगा. आमचा पाय अडला तो पिंकास सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात. बारा वर्षांच्या मुलीला न्यावं का, यावर आम्ही दोघं आदल्या रात्री बराच वेळ बोललो. नेलं, आणि बरं केलं असं आजही वाटतं. आतल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोरावियातल्या जवळजवळ ८० हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. आडनावाखाली घरातली माणसं, प्रत्येकाची जन्मतारीख आणि पुढे आणखी एक तारीख. लेकीने विचारलं, ही मृत्यूची का? पुष्कळदा तीही नाही, छावणीकडे जाणाऱ्या गाडीत घातल्याची. त्यानंतर त्या माणसाचं काय झालं याची नोंदच नाही.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने तिथे मुलांना शिकवलं, आणि १९४४ मध्ये आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं जाण्याआधी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली. ती वाचली. बाई आणि बहुतेक मुलं नाही वाचली. मुलगी बाहेर आली ती गप्प. संध्याकाळी हॉटेलात तिने वही काढून आमचं पुण्याचं घर काढलं. मी काही विचारलं नाही.

* * *

छोटंसंच लिहितो. वेन्सेस्लास चौकात आजीला पाटी दिसली आणि ती हरखून म्हणाली, "अरे, आपला बाटा!" बाटा याच देशातला, १८९४ साली झ्लिन गावात सुरू झालेला, हे तिला पटवायला बराच वेळ लागला. शाळेच्या पहिल्या दिवसाचे बूट तिने आम्हा सगळ्यांना बाटाचेच घेतले होते. तिथून तिने स्वतःसाठी चपला घेतल्या. अजून वापरते.

* * *

लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी : जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, बाबागाडीपेक्षा कडेवर घ्या. ट्रॅमचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर ते चालत नाही. आणि पैसे बदलताना हातात किती कोरुना पडणार ते आधी विचारा. आम्ही एका खिडकीवर न विचारता युरो दिले आणि फारच कमी मिळाले. सुदैवाने शेजारच्या बाईंनी सांगितलं, की २०१९ पासून कायदा आहे : १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. केला. शाकाहारींसाठी तळलेलं चीज सगळीकडे मिळतं. ब्रांबोराक म्हणजे लसूण घातलेलं बटाट्याचं थालीपीठच, पण त्यात अंडं असतं.

* * *

आम्ही सांगलीचे. आईचे गुडघे दुखतात म्हणून चार्ल्स पुलावर पहाटेच गेलो, गर्दी नसताना. १३५७ साली पाया घातलेला पूल, ५१६ मीटर, दोन्ही कडांना तीस पुतळे. आई पुतळ्यांपाशी थोडीच थांबली. मध्यावर जाऊन तिने व्लटावा नदीला हात जोडले, कृष्णेला जोडते तसे. १८९०च्या पुरात या पुलाच्या कमानी वाहून गेल्या होत्या, हे मी तिला सांगितलं. तिने फक्त मान हलवली.

मग पुलाखाली कांपा बेटावर उतरलो. तिथे घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत, ऑगस्ट २००२ ची बरीच वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांपलीकडे गेलं, तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. आईने त्या रेषेकडे हात उंच करून पाहिला, हात पोचला नाही.

"आपल्या जिन्याची अकरावी पायरी," ती म्हणाली.